नसलेल्या कळेचा घोळ: स्क्रोल लॉकचं एक प्रकरण

हे प्रकरण जवळपास तीन आठवडे चाललं. त्यातला पहिला चुकीचा सल्ला माझाच होता, तेव्हा ते आधीच सांगून टाकतो.

मी एका कार्यालयात संगणकांची देखभाल बघतो. तिथल्या हिशेब विभागातल्या मॅडमचा फोन आला. "अहो दादा, माझी शीट वेडी झालीय. खाली जायचं बटण दाबलं की चौकट जागची हलत नाही, आणि काही टाइप करायला गेलं की शीट आपोआप वर उडी मारते." मी दुसऱ्या कामात होतो. ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि आम्ही सगळे जे सांगतो तेच सांगितलं: "मॅडम, एकदा रीस्टार्ट करून बघा." दहा मिनिटांनी त्यांचा निरोप आला, झालं व्यवस्थित. मी खूश, त्याही खूश.

चार दिवसांनी तेच. त्या दिवशी मी रजेवर होतो. बाहेरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं गेलं. त्याने बाणाच्या कळा दाबून पाहिल्या, एक्सेलमध्ये चालत नाहीत हे डोळ्यांनी पाहिलं, आणि निदान केलं की कीबोर्ड गेला. लॅपटॉप उघडून नवा कीबोर्ड बसवला, लॅपटॉप चालू केला, बाणाच्या कळा चालल्या. यापेक्षा पक्का पुरावा कोणता हवा? पण कीबोर्ड बदलायला लॅपटॉप पूर्ण बंद करावा लागतो. म्हणजे माझ्याच रीस्टार्टचा उपाय त्याने नकळत पुन्हा केला होता, फक्त मध्ये स्क्रू काढून.

तिसऱ्यांदा तक्रार आली ती मात्र नुसत्या वैतागाची नव्हती. हिशेबच जुळत नव्हता.

४,८६० कुठे गेले

कागदावरच्या व्हाउचरांची बेरीज आणि शीटमधली बेरीज यांत फरक येत होता ४,८६० चा. मॅडम मुरलेल्या हिशेबनीस आहेत. त्यांनी प्रथम फरकाला नऊने भागून पाहिलं, कारण दोन आकडे उलटसुलट पडले तर फरक नऊने भागला जातो. ४,८६० ला नऊने भाग जातो, ५४० येतात. त्यामुळे त्यांचा अर्धा तास उलटे पडलेले आकडे शोधण्यात गेला. मग त्यांनी बरोबर ४,८६० रकमेचं व्हाउचर आहे का ते पाहिलं. होतं, आदल्या दिवशीचं. त्यावर नोंद केल्याची त्यांचीच बारीक टिकची खूणही होती. पण शीटमध्ये ४,८६० कुठेच नव्हते. त्या ओळीत १,२७५ होते, आणि १,२७५ ज्या ओळीत असायला हवे होते ती ओळ रिकामी.

हे घडलं कसं, ते मी त्यांच्याच शेजारी बसून त्यांच्याकडूनच करून घेतलं. त्यांनी १२ व्या ओळीवर क्लिक केलं, आदल्या दिवशीची रक्कम कागदाशी ताडून पाहिली. मग नजर पुढच्या व्हाउचरवर ठेवून खालचा बाण तीनदा दाबला, १५ व्या ओळीवर जायला, कारण मधल्या दोन खात्यांत त्या दिवशी काही नव्हतं. आणि कागदाकडेच बघत १,२७५ टाइप करून एंटर मारला. स्क्रीनवर दिसायला सगळं तीन ओळींनी वर सरकलं होतं, म्हणजे हालचाल झाली असंच वाटत होतं. प्रत्यक्षात निवडलेला सेल १२ व्याच ओळीत बसून होता आणि १,२७५ ने ४,८६० ला पुसून त्याची जागा घेतली.

फरक बरोबर ४,८६० चाच का आला, हेही यातच आहे. १,२७५ बेरजेत आले होते, फक्त चुकीच्या घरात. गेले होते ते एकटे ४,८६०.

टाइप केलं की शीट उडी मारते, या तक्रारीचा उलगडाही इथेच झाला. निवडलेला सेल स्क्रीनच्या बाहेर गेलेला असताना काही टाइप केलं, तर एक्सेल तो सेल दिसेल अशी शीट परत सरकवतं. ते आपल्या परीने मदतच करत होतं. मॅडमना मात्र लॅपटॉप पछाडल्यासारखा वाटत होता.

तपास

कळ चालत नाही अशी तक्रार आली की ती कुठे चालत नाही हे आधी विचारायला हवं. पहिल्या फोनवर मी हे विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. नोटपॅड उघडलं, चार ओळी टाइप केल्या: चारही बाण बिनचूक. ब्राउझरमध्येही ठीक. म्हणजे कळा शाबूत, त्यांच्याखालचे संपर्क शाबूत. जुना कीबोर्डही शाबूतच असणार, हे तिथल्या तिथे लक्षात आलं आणि मी ते त्या क्षणी कोणाला सांगितलं नाही.

मग एक्सेलमध्ये कोरी फाइल उघडली. तिथेही तेच. म्हणजे दोष त्या फाइलचा नाही, तिच्यातल्या कुठल्या मॅक्रोचाही (फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या सूचनांचाही) नाही.

राहिली एक शक्यता: एक्सेल कुठल्यातरी वेगळ्या अवस्थेत आहे. आणि अशा अवस्था एक्सेलमध्ये बऱ्याच आहेत, बहुतेक एका चुकार बोटाने सुरू होणाऱ्या. एफ८ दाबलं गेलं तर बाण हलवताना निवड वाढत जाते, अख्खा पट्टा करडा होत जातो. एंड दाबलं तर पुढचा एक बाण थेट मजकुराच्या टोकाला नेतो, पण ती अवस्था एका उडीपुरतीच. एफ२ दाबलं तर बाण सेलच्या आतल्या अक्षरांमधून फिरतो, आणि सूत्र लिहिताना पुन्हा एफ२ दाबलं तर तोच बाण दुसरे सेल उचलून सूत्रात घालू लागतो. या तिन्हींत निवड किंवा कर्सर कुठेतरी हलतोच. इथे निवड ढिम्म आणि शीट तिच्याखालून सरकतेय, असं चित्र होतं. सूत्रपट्टीच्या डावीकडच्या छोट्या चौकटीत सेलचा पत्ता दिसतो. मी खालचा बाण वीस वेळा दाबला, चौकटीत पत्ता बी१२ तो बी१२ च. कंट्रोल धरून बॅकस्पेस दाबलं तर स्क्रीन परत बी१२ पाशी आली. एंटर आणि टॅब मात्र नेहमीसारखे पुढे नेत होते. म्हणूनच सलग नोंदी करताना मॅडमना काही जाणवत नव्हतं. ओळी वगळून जायची वेळ आली की घात.

हे एकाच कळेचं लक्षण आहे. स्क्रोल लॉक.

अडचण एवढीच, की त्या लॅपटॉपवर स्क्रोल लॉकची कळच नव्हती. जुन्या कीबोर्डवर नव्हती, नव्यावरही नाही. एफएन धरून के, सी किंवा एस दाबलं की काही लॅपटॉपवर स्क्रोल लॉक लागतं-सुटतं, ते मॉडेलगणिक बदलतं. मी तिन्ही करून पाहिले, काही झालं नाही. हा एफएन प्रकार आणखी चकवणारा आहे. बहुतेक लॅपटॉपवर एफएनची दखल कीबोर्डचा आतला नियंत्रकच घेतो, विंडोजला ती दाबल्याचं कळतही नाही. त्यामुळे ती धरली की काय होईल हे विंडोजला विचारून उपयोग नसतो.

मग विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबून स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडला. त्याच्या उजव्या बाजूला स्क्रोल लॉकचं बटण असतं, आणि ते ठळक रंगात उजळलेलं होतं. माउसने त्यावर क्लिक केलं, उजेड गेला. एक्सेलमध्ये खालचा बाण दाबला. बी१३.

मॅडम म्हणाल्या, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच, पण हे लागलं कसं ते कळल्याशिवाय सोमवारी तुमचा परत फोन येणार.

एक्सेलच्या खालच्या पट्टीवर अशा वेळी स्क्रोल लॉक लागल्याचं लिहून येतं. इथे आलं नव्हतं. पट्टीवर उजवं क्लिक केल्यावर जी यादी उघडते तिच्यात त्या ओळीपुढची खूण कोणीतरी काढून टाकली होती. गंमत म्हणजे त्याच यादीत कॅप्स लॉक, नम लॉक आणि स्क्रोल लॉक यांच्यापुढे ती सध्या चालू आहेत की बंद तेही लिहिलेलं असतं. फार थोड्यांनी ते पाहिलेलं असतं.

कळ एकीकडे, तिची आठवण दुसरीकडे

इथे थोडं मागे जावं लागेल. आपल्याला वाटतं की कॅप्स लॉक लागणं म्हणजे दिव्याच्या खटक्यासारखं कीबोर्डमध्येच काहीतरी अडकून राहणं. तसं नसतं. कीबोर्ड फक्त कळवतो की अमुक कळ दाबली, अमुक कळ सोडली. जुन्या पीसी पद्धतीत स्क्रोल लॉक दाबल्याचा क्रमांक ७०, आणि सोडल्याचा त्यात १२८ मिळवून १९८. बस. लॉक लागलंय की सुटलंय याची नोंद संगणक ठेवतो.

आयबीएम पीसी १९८१ मध्ये आला तेव्हा ही नोंद मेमरीतल्या एका ठरावीक बाइटमध्ये असायची. तिचा पत्ता ००४०:००१७. त्या बाइटच्या आठ बिट्समध्ये, म्हणजे चालू-बंदच्या आठ खुणांमध्ये, उजवी शिफ्ट, डावी शिफ्ट, कंट्रोल, आल्ट, मग स्क्रोल लॉक, नम लॉक, कॅप्स लॉक आणि शेवटी इन्सर्ट. पहिल्या चार कळा धरून ठेवण्याच्या, पुढच्या चार लावण्या-सोडण्याच्या. अख्ख्या विशेष कळांच्या कुटुंबाचा हिशेब एका बाइटमध्ये मावला होता. इन्सर्टचाही त्यात नंबर लागतो. टाइप करताना पुढची अक्षरं खाल्ली जातात, हा वर्डमधला जुना छळ तिचाच. तिला तर कीबोर्डवर दिवाही मिळाला नाही.

त्या पहिल्या कीबोर्डला ८३ कळा होत्या आणि लॉकचा एकही दिवा नव्हता. बाणाच्या स्वतंत्र कळाही नव्हत्या. आकड्यांच्या चौकोनातच बाण कोरलेले, आणि आकडा घ्यायचा की बाण हे नम लॉकने ठरवायचं. स्क्रोल लॉकची कळ त्याच चौकोनाच्या डोक्यावर होती आणि कंट्रोलबरोबर दाबली की ती ब्रेकचं काम करायची, चालू प्रोग्रॅम तोडायचं. स्क्रीन २५ ओळींची. कर्सर जागेवर ठेवून मजकूर वरखाली सरकवायचा असेल तर माउसचं चाक नव्हतंच, त्यासाठी स्क्रोल लॉक. लोटस वन-टू-थ्री या १९८३ च्या स्प्रेडशीटने कळेचा हा अर्थ पाळला आणि एक्सेलने तोच पुढे चालवला. बाकी बहुतेक प्रोग्रॅम तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. नोटपॅड ठीक आणि एक्सेल बिघडलेलं, हे चित्र त्यातूनच तयार होतं.

दिवे आले १९८४ मध्ये, आयबीएमच्या एटी संगणकाबरोबर. त्यासाठी संगणकाने कीबोर्डला उलट संदेश पाठवण्याची सोय करावी लागली, कारण दिवा लावायचा की विझवायचा हे संगणकाला माहीत. आजच्या यूएसबी कीबोर्डमध्येही हेच चालतं. पडताळून पाहायचं असेल तर विंडोजच्या एका संगणकाला दोन कीबोर्ड लावा आणि एकावर कॅप्स लॉक दाबा. दोघांचेही दिवे लागतील. दिवा कळेचा नसतोच. संगणकाची समजूत काय आहे ते तो दाखवतो.

आता आपल्या लॅपटॉपकडे या. स्क्रोल लॉकची कळ नाही, दिवा नाही, एक्सेलच्या पट्टीवरची सूचनाही बंद. आठवण मात्र विंडोजकडे जशीच्या तशी शाबूत. बाहेरून कोणीतरी ती कळ दाबून गेलं तर लॉक उघडायला हातात काही नाही.

दाबलं कोणी

मॅडमना विचारलं, तुम्ही दुसरा कीबोर्ड वापरता का? "छे," म्हणाल्या. आणि मग, थोड्या वेळाने, "म्हणजे बिलिंगच्या टेबलावर बसते तेव्हा तिथला वापरते की." तिसऱ्या तक्रारीनंतर हे कळतंय, आणि चूक त्यांची नाही. मी विचारलंच नव्हतं.

बिलिंगच्या टेबलावर एक केव्हीएम स्विच होता. एक स्क्रीन, एक कीबोर्ड, एक माउस, आणि दोन संगणक: तिथला कायमचा डेस्कटॉप आणि जो येऊन बसेल त्याचा लॅपटॉप. एकावरून दुसऱ्यावर जायला स्क्रोल लॉक पटकन दोनदा दाबायचं. अशा पेट्यांमध्ये ही पद्धत सर्रास असते. का, तेही उघड आहे: जी कळ कोणी वापरत नाही तीच इशाऱ्यासाठी निवडायची.

दोनदा दाबलं तर लॉक लागून परत सुटायला हवं, मग उरतं कसं? मी माझा लॅपटॉप तिथे जोडला, त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर कीबोर्डचं चित्र उघडून ठेवलं आणि टेबलावरच्या कीबोर्डवर स्क्रोल लॉक दोनदा दाबलं. पेटी डेस्कटॉपवर गेली. माझ्या लॅपटॉपवर स्क्रोल लॉकचं बटण उजळलेलं राहिलं. परत आलो, पुन्हा गेलो: आता विझलं. पुन्हा परत येऊन गेलो: उजळलं.

म्हणजे पेटी पहिला दाब संगणकाला जाऊ देत होती, कारण दुसरा येणार आहे हे तिला अजून माहीत नाही. दुसरा दाब लगेच आला की तो इशारा म्हणून स्वतःच गिळत होती. लॅपटॉप सोडून जाण्याची प्रत्येक वेळ म्हणजे लॅपटॉपला एक दाब. दिवसात सम वेळा गेलात तर काहीच नाही, विषम वेळा गेलात तर लॉक लागून राहिलं. मॅडम आठवड्यातून दोनेक दिवस तिथे बसायच्या, लॅपटॉप कधी बंद करायच्या नाहीत, नुसतं झाकण मिटायच्या आणि आपल्या टेबलावर येऊन उघडायच्या. कधी तक्रार, कधी नाही, हा जो लहरीपणा आम्हाला तीन आठवडे दिसत होता तो असा साध्या सम-विषमाचा होता.

डेस्कटॉपवरही लॉक असंच लागत-सुटत असणार. पण त्यावर फक्त बिलिंगचा प्रोग्रॅम चालतो, त्याला स्क्रोल लॉकशी देणंघेणं नाही. म्हणून तिथून कधी एक तक्रार आली नाही.

काय केलं

पेटीच्या पुढच्या बाजूला अदलाबदलीचं एक बटण होतं. ते धुळीखाली होतं आणि कोणी वापरत नव्हतं. आता तेच वापरायचं असं ठरलं, आणि टेबलावरच्या कीबोर्डची स्क्रोल लॉकची कळ मी सरळ उपटून काढली. कळेची टोपी काढायला फारसं बळ लागत नाही. हे कुठल्या नियमावलीत बसत नाही हे मान्य, पण चिठ्ठी चिकटवण्यापेक्षा जास्त काळ टिकतं असा माझा अनुभव आहे.

मॅडमच्या लॅपटॉपवर एक्सेलच्या पट्टीतली स्क्रोल लॉकची खूण परत लावली. शिवाय विंडोजच्या सुलभता विभागातली टॉगल कीजची सोय चालू केली. ती चालू असली की कॅप्स, नम किंवा स्क्रोल लॉक लागताना वरच्या पट्टीतला आणि सुटताना खालच्या पट्टीतला आवाज येतो. मुळात ज्यांना दिवे दिसत नाहीत त्यांच्यासाठीची ही सोय. ज्या लॅपटॉपला दिवाच नाही तिथे तर ती सगळ्यांनाच हवी. नम लॉक पाच सेकंद दाबून धरूनही ती चालू करता येते, पण इथे नम लॉकचीही पंचाईत होती, म्हणून सेटिंग्जमधून केली.

हिशेबाचं काम जास्त वेळखाऊ निघालं. त्या तीन आठवड्यांत आणखी कुठे एखादी रक्कम पुसली गेली असेल तर? केलेला बदल मागे घ्यायची सोय फाइल बंद झाल्यावर संपते. पण रोजची एक प्रत ठेवली जात होती. लागोपाठच्या दोन दिवसांच्या प्रती घेऊन तिसऱ्या शीटमध्ये सेलमधून सेल वजा केला. जुन्या नोंदीच्या जागी शून्य यायला हवं. नाही आलं तर ती बदलली गेलीय. ४,८६० सोडून आणखी दोन जागा सापडल्या. दोन्ही अशा दिवशीच्या, ज्याच्या आदल्या दिवशी मॅडम बिलिंगच्या टेबलावर होत्या. त्यातल्या एकीची बेरीज कशी जुळली होती हे काही केल्या कळेना. शेवटी मॅडमनीच शोधलं: पुसली गेलेली रक्कम आणि एक दुबार पडलेली नोंद, दोन्ही सारख्याच रकमेच्या. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं.

दुरुस्तीवाल्याने काढलेला जुना कीबोर्ड माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मध्ये एकदा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या लॅपटॉपवर चहा सांडला, तेव्हा तो बसवला. चारही बाण छान चालतात.